प्रतिसाद: नामचेचा जादा मुक्काम गाळू नका

वर कुणीतरी सुचवलंय की रोज धावायचा सराव असेल तर एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचे गावातला, विरळ हवेची सवय व्हावी म्हणून असलेला जादा मुक्काम गाळून एक दिवस वाचवता येतो. कृपा करून असं करू नका. दमसास आणि विरळ हवेची सवय या वेगळ्या गोष्टी आहेत. उलट तगडी तरुण मंडळीच भराभर चढतात आणि आजारी पडतात.

चालायला सुरुवात होते ते लुकला साधारण २,८६० मीटरवर, नामचे ३,४४० वर, बेस कॅम्प ५,३६४ वर. तिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण निम्माच ऑक्सिजन मिळतो. ३,००० मीटरनंतर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. नामचेला दिवसा वर ३,८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत चढून झोपायला खालीच यायचं. पुढे आणखी उंचावरच्या दिंगबोचे गावातही तसंच.

डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर वर जायचं नाही, आणि ते सोबत्यांपासून लपवायचं तर मुळीच नाही. कुणाला विरळ हवेचा त्रास वाढल्याची शंका आली तर त्याला टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर रात्र असली तरी सोबत देऊन लगेच खाली उतरवा, सकाळची वाट बघू नका. विरळ हवेच्या त्रासासाठीची डायमॉक्स ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळता येत नाही.