पाट्या जपा म्हणे! आणि दुकान?

जांभळीनाका_भांडीवाला:
काल एका ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकून लिहिलंय की स्टेशन रोड, जांभळी नाका, गोखले रोडवरच्या 50 वर्षांपूर्वीच्या दुकानांच्या पाट्या हा ठाण्याचा वारसा आहे, त्या बदलायला पालिकेने बंदी घालावी. खाली बदामांचा पाऊस. तिथे वाद घालायला गेलो तर "भावना समजून घ्या" म्हणाले. म्हणून इथे लिहितोय.

साहेब, शेवटचं पातेलं कुठून घेतलंत? माझ्या दुकानासमोर तुम्ही फोटो काढता, आत येत नाही.

आता नियम ऐका. नावाच्या पाटीवर 15 अक्षरी जीएसटी नंबर हवा. 2022 पासून दुकानात दहापेक्षा कमी माणसं असली तरी पाटी मराठीत हवी आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. तुमच्या फोटोतली सगळ्यात 'गोड' पाटी माझ्या शेजाऱ्याची आहे. निम्मी गुजराती, निम्मी इंग्रजी. ती जपायची की दंड भरायचा, ते आधी ठरवा. आजोबांची लाकडी पाटी मी 2009 मध्ये उतरवली. वाळवी लागली होती. वाळवीलाही वारसा आवडतो.

नौपाडेकर:
बंदीची मागणी जास्त झाली, कबूल. पण हल्ली गोखले रोडवर रात्री चालून बघा. सगळ्या एसीपीच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्याच्या पाट्या, सगळीकडे तेच पांढरे दिवे. बँक कुठली आणि चष्म्याचं दुकान कुठलं, कळत नाही. मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे, पण ती मुख्यतः वास्तू आणि परिसरांसाठी. पाटीला कुणी वाली नाही. नौपाड्यातल्या इमारती पुनर्विकासात जाताहेत, निदान पाटी तरी राहू द्या.

घोडबंदरचा_भाडेकरू:
मे 2024 मध्ये घाटकोपरला काय झालं विसरलात? होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. गंजलेलं लोखंड डोक्यावर लटकवून वारसा जपायचा?

जांभळीनाका_भांडीवाला:
ते होर्डिंग 120 फूट बाय 120 फूट होतं हो. आमची पाटी सहा फुटांची फळी. माझ्या बाजूने बोलताय, पण कृपा करा, बोलू नका.

शुद्धाक्षर:
मूळ प्रश्न बाजूला राहिला. त्या फोटोतल्या पहिल्या पाटीवर 'उपहारगृह' लिहिलंय. उपहार म्हणजे भेटवस्तू. खाणं म्हणजे उपाहार. ही चूक पुढच्या पिढ्यांसाठी जतन करायची?

तलावपाळी_कट्टा:
आम्ही तिथे वर्षानुवर्षं भजी खाल्ली. एका कान्यावाचून कुणी उपाशी परत गेलं नाही.

शुद्धाक्षर:
याच वृत्तीने भाषा मेली.

तलावपाळी_कट्टा:
भाषा भज्यांमुळे मेली, हे आज कळलं.

नौपाडेकर:
चूक असली तरी ती त्या काळाची चूक आहे. पुसून लिहिली की पाटी नवीन झाली.

शुद्धाक्षर:
म्हणजे जुनं झालं की चुकीला मान? मग दुरुस्ती मागणारा मीच मूर्ख. तिथे जाऊन मालकाला समजावलं होतं. त्याने चहा दिला आणि म्हणाला, "काका, गिऱ्हाईक वाचत नाही, वास घेतं."

चरईची_सून:
इतका वेळ गप्प वाचत होते. माझे सासरे पेंटर होते. दोऱ्याला खडू लावून पत्र्यावर ताणायचे, टिचकी मारली की सरळ रेघ. आधी शिरोरेघ, मग तिला अक्षरं लटकवायची. वरून सुरुवात केली तरच शेवटचं अक्षर मावतं म्हणायचे. कोपऱ्यात बारीक सही. पाडव्याआधी दोन-दोन रात्री झोप नसे. मग फ्लेक्स आला, एका तासात छापून तयार. शेवटची काही वर्षं ते रिक्षांच्या मागे नावं लिहीत होते.

आता ज्यांना त्या पाट्या सुंदर वाटतात, त्यांच्यापैकी कुणी तेव्हा सासऱ्यांचे पैसे वेळेवर दिले नव्हते. भांडीवाल्यांनो, तुमच्यासारख्यांनीसुद्धा. "दिवाळीनंतर या" हे आमच्या घरात विनोद म्हणून बोललं जायचं.

जांभळीनाका_भांडीवाला:
ताई, आमच्याकडे उधारी नव्हती. म्हणजे, नसावी. वडिलांचं मी सांगू शकत नाही.

तलावपाळी_कट्टा:
पाटीचं एवढं काय? मामलेदार मिसळ हे नाव कुठल्या पेंटरने दिलं? शेजारी मामलेदार कचेरी, म्हणून लोकांनी दिलं. नाव तोंडी बसलं की पाटी चोरून नेली तरी धंदा चालतो.

नौपाडेकर:
ज्याचं नाव तोंडी बसलं नाही त्याचं काय? शिवणकामाच्या मशीनवाला, छत्रीवाला, घड्याळजी. त्यांची आठवण पाटीवरच आहे. भांडीवाले, तुमची पाटी टाकून दिलीत का?

जांभळीनाका_भांडीवाला:
माळ्यावर आहे. तिच्यावर कढया ठेवतो.

शुद्धाक्षर:
'भांड्यांचे' असं असेल तर 'चे'वर अनुस्वार आहे का ते बघा. न उच्चारले जाणारे अनुस्वार 1962 च्या नियमांनी गेले. असला तर पाटी बहुधा त्याआधीची.

जांभळीनाका_भांडीवाला:
आता तेवढंच राहिलंय.

जांभळीनाका_भांडीवाला:
चढलो. कढया उतरवल्या. 'भांड्यांचें दुकान'. टिंब आहे. कोपऱ्यात सहीपण आहे, पण वाळवीने निम्मी खाल्लीय. चरईच्या ताई, सासऱ्यांचं आडनाव 'पा'ने सुरू होतं का?

चरईची_सून:
नाही हो. पण फोटो टाका.

शुद्धाक्षर:
टिंबाचा जवळून.

जांभळीनाका_भांडीवाला:
टाकणार नाही. परत तिनशे बदाम आणि एक पातेलं नाही. बघायची असेल त्याने दुकानात यावं. 1 ते 4 येऊ नये, ठाण्यातही माणसं जेवतात.