मदत हवी आहे: रिस्क-फाइव्ह बोर्डावर कर्नलची आपोआप चाचणी. कर्नल बिघडला की बोर्ड अडकला, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं मिळून पुण्यात रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेसाठी लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) चाचण्या आपोआप घेणारी एक छोटी लॅब उभी करतोय. लॅब म्हणजे माझ्या घरातलं एक टेबल, एक डेस्कटॉप आणि दोन व्हिजनफाइव्ह २ बोर्ड (रिस्क-फाइव्ह चिपचे छोटे संगणक). तीन महिने झाले, आणि आता अशा जागी अडकलोय की पुढचं काही सुचत नाही.

सध्याची मांडणी अशी. गिटमध्ये नवा पॅच (कोडमधला बदल) आला की डेस्कटॉपवर क्रॉस-कंपाइल होतं, म्हणजे बोर्डासाठीचा कर्नल तयार होतो. मग क्यूएमूत (डेस्कटॉपवरच रिस्क-फाइव्ह संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) केयुनिट, म्हणजे कर्नलच्या आतल्या छोट्या चाचण्यांचा संच, चालतं. हा भाग पहिल्याच आठवड्यात बसला, कारण केयुनिटच्या पायथन स्क्रिप्टला आर्किटेक्चर सांगितलं की कॉन्फिग, बिल्ड, बूट सगळं तीच बघते. त्यानंतर खरा बोर्ड: रिलेनं वीज चालू, यू-बूट (कर्नल चढवणारा बूटलोडर) टीएफटीपीवरून, म्हणजे नेटवर्कवरून, कर्नल आणि इनिटरामएफएस (सुरुवातीची छोटी फाइल-प्रणाली) ओढतं, बूट झालं की केसेल्फटेस्ट आणि एलटीपी या चाचणी-संचांतल्या निवडक चाचण्या. निकाल सिरियल कन्सोलवरून (बोर्डाचे संदेश तारेनं डेस्कटॉपवर आणणारी जोडणी) वाचतो, वेग सेकंदाला ११५२०० बिट.

क्यूएमूवर भागत नाही का, असं बरेच जण विचारतात. नाही भागत. आमचा डेस्कटॉप एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या जातीचा) आहे. त्याचे मेमरी-क्रमाचे नियम कडक, रिस्क-फाइव्हचे सैल. कुणी एखादा फेन्स (मेमरीचा क्रम पाळायला लावणारी सूचना) विसरला तरी क्यूएमूत बहुतेक वेळा काहीच घडत नाही. टीएलबीचं (मेमरीच्या पत्त्यांची भाषांतरं हाताशी ठेवणारी प्रोसेसरमधली साठवण) तसंच: पेज टेबलमधली (त्या भाषांतरांचा तक्ता) अवैध नोंदसुद्धा टीएलबीत धरून ठेवायची मुभा रिस्क-फाइव्हच्या प्रोसेसरला आहे. म्हणजे नोंद नंतर वैध केली आणि एसफेन्स (टीएलबीतल्या जुन्या नोंदी काढायला लावणारी सूचना) घातला नाही, तर खऱ्या चिपवर नुकत्याच मॅप केलेल्या पानावर फॉल्ट येऊ शकतो. क्यूएमूत सगळं हिरवंगार. लिनक्समध्ये रिस्क-फाइव्हचा कोड ४.१५ पासून, म्हणजे जानेवारी २०१८ पासून आहे, पण नव्या चिपा येतच राहतात आणि प्रत्येकीच्या खोडी निराळ्या. म्हणून बोर्ड हवाच.

आता अडचण. कर्नल लटकला की स्क्रिप्ट रिलेनं वीज तोडते, पाच सेकंद थांबते, परत जोडते. दहातून दोन-तीनदा बोर्ड उठतच नाही. कधी कन्सोल कोरा, कधी यू-बूटच्या प्रॉम्प्टवर येऊन नुसतं उभं, जणू कुणी कळ दाबून ऑटोबूट थांबवलंय. कळ दाबणारं घरात कुणी नसतं.

एखाद-दुसरी चाचणी वाया गेली तर चालेल, पण बायसेक्टचा (दर वेळी निम्मे बदल बाद करत दोषी बदल शोधणं) पार चुथडा होतो. पंधरा हजार कमिटमधून (गिटमध्ये नोंदलेले बदल) दोषी शोधायला साधारण चौदा पायऱ्या लागतात. त्यातल्या एका पायरीवर बोर्ड स्वतःच्या कारणानं उठला नाही आणि स्क्रिप्टनं ते ‘कर्नल वाईट’ असं धरलं, की पुढच्या सगळ्या पायऱ्या चुकीच्या वाटेनं जातात. गेल्या महिन्यात नेमकं हेच झालं. आम्ही एका डेव्हलपरला कळवलं की तुमच्या पॅचमुळे बूट होत नाही. त्यांनी दोन दिवस घालवले. पॅच निर्दोष होता. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून आम्ही बाहेर एकही रिपोर्ट पाठवलेला नाही.

तर, बोर्ड खात्रीनं रिसेट कसा करायचा? आणि दोष कर्नलचा की लॅबचा, हे स्क्रिप्टला कसं कळावं?

प्रतिसाद – सोल्डरगन

एक मोजमाप करून सांगा. सिरियल अडॅप्टर जोडलेलाच ठेवा, रिलेनं बोर्डाची वीज तोडा, आणि मल्टिमीटरनं बोर्डाच्या पिन १ (३.३ व्होल्ट) आणि पिन ६ (ग्राउंड) यांच्यात किती व्होल्ट येतात ते बघा. शून्य यायला हवेत.

प्रतिसाद – धागाकर्ती

१.६ व्होल्ट! वीज तोडून पाच मिनिटं झाली तरी तेवढेच. अडॅप्टर उपटला की लगेच शून्य.

प्रतिसाद – सोल्डरगन

सापडलं मग. अडॅप्टरची टीएक्स (डेटा पाठवणारी) तार निवांत असताना ३.३ व्होल्टवर असते. ती तुमच्या पिन १० ला जाते, आणि बोर्डाला वीज नसली की तिथून आतल्या संरक्षक डायोडमधून उलटी वीज शिरते. चिप धड मेलेलीही नाही, धड जिवंतही नाही. त्या अवस्थेतून वीज परत आली तर पॉवर-ऑन रिसेट नीट होईलच असं नाही. त्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर ओळीत घाला. ११५२०० ला सिग्नल बिघडत नाही. पुरलं नाही तर वीज तोडताना अडॅप्टरची यूएसबी वीजही सोबत तोडा.

यू-बूटचा प्रॉम्प्ट हे वेगळं दुखणं. वीज जोडताना त्या तारेवर एखादं कचरा अक्षर उमटतं आणि यू-बूटला वाटतं कळ दाबली. यू-बूट बिल्ड करताना ऑटोबूट थांबवायला एक कळ नाही, ठरावीक शब्दच लागेल अशी सोय आहे. ती चालू करा.

प्रतिसाद – रात्रपाळी

ताई, दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ‘बूट झालं का’ हा एकच प्रश्न स्क्रिप्टला विचारू नका. यू-बूटचं एसपीएल (त्याचा पहिला छोटा भाग), ओपनएसबीआय (कर्नलच्या खाली चालणारं फर्मवेअर), मुख्य यू-बूट, टीएफटीपी पूर्ण, कर्नलची पहिली ओळ, लॉगिन – प्रत्येक टप्प्याची खूण कन्सोलवर उमटते. प्रत्येकाला वेगळी मुदत द्या. कर्नलची पहिली ओळ येण्याआधी जे अडलं ते सहसा लॅबच्या खात्यात. तिथं तीनदा पुन्हा प्रयत्न. अपवाद एकच: टीएफटीपी पूर्ण झालं आणि नंतर शांतता, तर कर्नल फार लवकर मेलेला असू शकतो. त्यासाठी अर्लीकॉन (कर्नलचा सुरुवातीचा कन्सोल) एसबीआयवर, म्हणजे ओपनएसबीआयमार्फत, लावा, म्हणजे सिरियल ड्रायव्हर उठायच्या आधीचंही दिसेल. तरीही काही दिसलं नाही, तर आधी माहीत असलेला चांगला कर्नल त्याच बोर्डावर चढवून बघा. तो उठला तरच नव्यावर बोट ठेवा.

बायसेक्टमध्ये तीन प्रयत्नांनंतरही लॅबच अडली तर स्क्रिप्टमधून १२५ हा एक्झिट कोड परत करू नका. १२५ म्हणजे ‘हा कमिट वगळ’, आणि कमिटचा तर काही दोष नाही. १२८ किंवा वरचा कोड द्या, बायसेक्ट तिथंच थांबतं. सकाळी उठून दुरुस्त करा आणि पुढं चालवा. १२५ फक्त बिल्डच होत नसेल तेव्हा.

आणि कर्नलला पॅनिकनंतर (चूक छापून थांबल्यावर) दहा सेकंदांनी रीबूट व्हायला सांगा, हंग-टास्क (अडकलेलं काम) आणि सॉफ्ट-लॉकअप (अडकलेला कोअर) दोन्हींवर पॅनिक लावा. लटकलेल्या कर्नलपेक्षा मरताना बोलणारा कर्नल कधीही बरा.

प्रतिसाद – धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रेझिस्टर घातल्यावर व्होल्टेज ०.२ वर आलं. यू-बूट नवं बिल्ड केलं, टप्पे वेगळे केले, आणि काल रात्री ज्ञात चांगल्या कर्नलवर २०० वेळा वीज तोडून-जोडून पाहिली. १९७ वेळा थेट लॉगिन. तीनदा डीएचसीपीवर (नेटवर्कचा पत्ता मिळवताना) अडलं, स्क्रिप्टनं ते लॅबच्या खात्यात टाकलं आणि दुसऱ्या प्रयत्नात तिन्ही उठले. कर्नलवर एकदाही खोटा आरोप नाही.

एक शंका उरली. एलटीपीतल्या दोन चाचण्या क्यूएमूत झटकन संपतात आणि बोर्डावर मुदत ओलांडतात. बूट लॉगमध्ये कर्नल म्हणतो की अनअलाइन्ड अॅक्सेस (मेमरीच्या ठरावीक सीमेवर न बसणाऱ्या पत्त्यावरून वाचणं-लिहिणं) या चिपवर मंद आहेत. मुदत वाढवू की चाचण्या वगळू?

प्रतिसाद – रात्रपाळी

मुदत वाढवा, वगळू नका. तुमच्या बोर्डाच्या चिपमधला यू७४ कोअर असे अॅक्सेस हार्डवेअरमध्ये करत नाही. ट्रॅप होऊन (काम फर्मवेअरकडे जाऊन) ओपनएसबीआय ते हातानं पुरे करतं, म्हणून वेळ लागतो. त्या दोन चाचण्यांना किती वेळ लागतो तेही दर वेळी नोंदवून ठेवा. उद्या तो अचानक दुप्पट झाला तर तीही बातमीच आहे.

प्रतिसाद – धागाकर्ती

वाढवली. त्या डेव्हलपरलाही आज लिहिलं: चूक आमच्या तारेची होती, तुमचा पॅच आता आमच्याकडे २०० बूटांतून गेलाय, सगळे नीट.