मदत हवी आहे: सूर्याच्या चेहऱ्याची आगविम्याची पाटी, खरी की नक्कल?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. जुन्या विमा कंपन्यांच्या पाट्या जमवायचा नाद आहे. संग्रहात बहुतेक इनॅमलच्या, १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाआधीच्या देशी कंपन्यांच्या. (तेव्हा १०७ कंपन्यांच्या चार झाल्या, त्यामुळे बुडालेल्या नावांना तोटा नाही.)

आता ओळखीच्या भंगारवाल्याकडे भलतीच चीज आली आहे. मध्ये माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य, भोवती किरणं, खाली पट्टीवर सहा आकडी नंबर. नाक झिजून सपाट झालंय, पण दोन किरणांच्या बेचक्यात सोनेरी रंग टिकून आहे. नंबरातला ७ इतरांपेक्षा जरा वर चढलेला, जणू एकेक आकडा हाताने ठोकलाय. तो पितळ म्हणतो आणि भावही तसाच लावतो. मला शिसं वाटतं: चुंबक चिकटत नाही, वजन आकाराच्या मानाने फार, नखाने ओरखडा उठतो.

सन फायर ऑफिस ही लंडनची आगविमा कंपनी, १७१० ची, सूर्य ही त्यांचीच खूण, इतपत ठाऊक आहे. पण भंगारवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे ही रावपुऱ्यातल्या पाडलेल्या वाड्याच्या भिंतीवरून निघाली. हे पटण्यासारखं आहे का? आणि साफ कशी करू? आई चिंच-मीठ घेऊन तयारच आहे.

लष्करकर (ग्वाल्हेर): आईंना आधी थांबवा! शिशाला आंबट अजिबात चालत नाही. मऊ ब्रशने कोरडी धूळ झटका, पुढे काही करू नका. लाकडी पेटीतही नको, लाकडातल्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि ती विषारी. हाताळल्यावर हात धुवा.

वाड्याची गोष्ट मला पचत नाही. पॉलिसीचा नंबर ठोकलेली शिशाची पाटी जुन्या पद्धतीची, ती विलायतेत विमा उतरवलेल्या घरावर लागायची. पुढे तांब्याच्या आणि लोखंडी पत्र्याच्या आल्या, त्यांवर सहसा नंबर नसे, जाहिरातच जास्त. वाड्यावर पत्र्याची निघाली असती तर मान डोलावली असती. ही कुणीतरी शौकाने आणलेली असावी. म्हणून खोटी ठरत नाही हं! नकला बहुधा बिडाच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या, आणि त्यांवरचे आकडे साच्यातूनच निघाल्यामुळे एका रेषेत.

खरी कसोटी नंबरची. सनच्या पॉलिसींच्या नोंदवह्या लंडनच्या अभिलेखागारात आहेत. नंबर जुळला तर घरमालकाचं नावसुद्धा मिळेल. इथे टाका की.

धागाकर्ता: आभार! चिंच परत डब्यात गेली. नंबरातला तिसरा आकडा ३ की ८ ते कळत नाही, फोटोत चमक येते. काय करावं?

लष्करकर (ग्वाल्हेर): फोटो राहू द्या. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी, हलक्या हाताने फिरवा. आणि पैसे मोजायच्या आधी हे करा, नंतर नको.