शहीद झाला की डायरेक्ट संत?

कोथरूडकर७७:
मंडळी, रविवारी मित्राकडे वसईला गेलो होतो, तिथे गोन्सालो गार्सिया कॉलेजची पाटी दिसली. मित्र म्हणाला हे आपल्या वसईचेच, जपानमध्ये मारले गेले म्हणून संत झाले. आमच्याकडे तुकोबांना संत म्हणायला कोणाची सही लागली नाही, या कॅथलिक लोकांत कोण ठरवतं?

वसईचा_पुणेकर:
आधी तुमच्यासारखंच होतं की. साधारण इ.स. १५५ च्या सुमारास स्मर्ना शहरात (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर) बिशप पॉलिकार्पना जाळलं तेव्हा लोकांनी हाडं गोळा करून नीट पुरली आणि दरवर्षी त्या दिवशी जमायचं ठरवलं. गंमत म्हणजे त्या मरणाच्या दिवसाला ते जन्मदिवस म्हणायचे! पोपने रीतसर संत जाहीर केल्याची पहिली पक्की नोंद ९९३ ची, जर्मनीतल्या आउग्सबुर्गचे बिशप उलरिख, आणि ते तर शहीदही नव्हते.
आता गोन्सालो. आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन ब्रदर (संत फ्रान्सिसच्या संघातले, पण पाद्री नसलेले), जपानी भाषा येत होती म्हणून दुभाषी म्हणून गेले. तिथला सत्ताधीश हिदेयोशीच्या हुकमावरून २६ जणांना पकडलं, डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत क्योटोहून नागासाकीपर्यंत चालवत नेलं, तिथे ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रूसावर बांधून भाले खुपसले. २६ पैकी १७ जण साधे प्रापंचिक लोक होते हे कोणी सांगतच नाही.
१६२७ ला धन्य (ही संत व्हायच्या आधीची पायरी), १८६२ ला संत.

कोथरूडकर७७:
मधे २३५ वर्षं?? फाइल कुठे अडकली होती 😄

कॅम्पवाली:
फाइल खरंच असते हो, साक्षी, कागदपत्रं, सगळं तपासतात. शहिदाला सूट एवढीच की धन्य व्हायला चमत्कार लागत नाही, श्रद्धेच्या द्वेषापोटीच मारलं हे सिद्ध करावं लागतं, आणि तिथेच खरी मारामारी, कारण मारणारा म्हणतो हा राजद्रोही होता. त्रावणकोरचे देवसहायम पिल्लै बघा, १७५२ ला गोळ्या घातल्या, २०१२ ला धन्य, २०२२ ला संत. संत व्हायला मात्र सहसा एक चमत्कार लागतोच.

कोथरूडकर७७:
भारी. पण गोन्सालो गेले ५ ला आणि कॅलेंडरात यांचा सण ६ फेब्रुवारीला कसा?

वसईचा_पुणेकर:
५ तारीख आधीच बुक होती, सिसिलीच्या संत अगाथाची. त्याही शहीदच.