११ महिन्यांचा लॅब्राडोर सासूबाईंच्या अंगावर उड्या मारतो, काय करावं?

गोदाकाठ:
नमस्कार. आमचा शेरा ११ महिन्यांचा, वजन ३१ किलो. बेल वाजली की सुसाट धावतो आणि आलेल्या माणसाच्या छातीवर पाय ठेवतो. सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. परवा सोफ्याचा हात सापडला म्हणून पडता पडता वाचल्या. फिरायला नेलं की मिस्टरांना ओढत नेतो. लहान असताना 'बस' म्हटलं की बसायचा, आता ढिम्म. एका ट्रेनरने सांगितलं, चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) घाला, उडी मारली की छातीत गुडघा हाणा, मालक कोण ते कळू दे. माझं मन होत नाही. घरातले म्हणतात, गावी शेतावर सोडून येऊ.

सातपूरकर:
ताई, शेतावर सोडू नका. तिथे दिवसभर साखळीला राहील आणि आणखी बिघडेल. लॅब माणसांत राहणारा जीव आहे.

पायवाट:
आमच्याकडे लॅब आणि जर्मन शेफर्ड बरीच वर्षं आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. शेरा वयात आलाय. मोठ्या जातींत हा काळ साधारण सहाव्या महिन्यापासून दीड-दोन वर्षांपर्यंत चालतो. शरीर मोठ्या कुत्र्याचं, डोकं अजून पिल्लाचं. तुमच्यावर कुरघोडी वगैरे तो करत नाहीये.

तो उडी मारतो, आपण 'नको नको' करत हातांनी ढकलतो. त्याला तो खेळ वाटतो. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, पाठ फिरवायची. चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी खाऊ, तोही खाली फरशीवर टाकायचा, म्हणजे तोंड खालीच राहतं. दाराशी डबीत उकडलेल्या चिकनचे किंवा गाजराचे तुकडे ठेवा. सुरुवातीला उड्या वाढतील, कारण आजवर चाललेली युक्ती तो जोर लावून पुन्हा करून बघतो. तिथेच घरं हार मानतात. घरातल्या एकाने जरी 'असू दे गं' म्हणून लाड केले तरी सगळं मुसळ केरात.

सासूबाईंवर मात्र हा प्रयोग नको. त्या चालत्या-फिरत्या असताना मध्ये जाळीचं फाटक हवं. बेल वाजली की आधी पट्टा लावा, मग दार उघडा.

ओढण्यासाठी छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या. पट्टा ताणला की जागेवर थांबायचं, सैल झाला की चालायचं. पहिल्या आठवड्यात गेटपर्यंत पोचलात तरी खूप.

गोदाकाठ:
दमवण्यासाठी मिस्टर रोज टेकडीवर पळवतात, शिवाय बॉल. तरी रात्री घर डोक्यावर घेतो.

पायवाट:
पळवणं थांबवा. मोठ्या जातींची हाडं साधारण सव्वा ते दीड वर्षापर्यंत वाढत असतात आणि लॅबमध्ये खुब्याचा त्रास मुळात जास्त. बॉलमागे सतत धावून तो शांत होत नाही, उलट चेकाळतो. त्यापेक्षा लांब पट्ट्यावर निवांत हुंगू द्या, नाकाच्या कामाने कुत्रं खरं दमतं. जेवणाचा काही भाग जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून द्या, शोधून खाईल. आणि दुपारची झोप मोडू नका. या वयात अपुऱ्या झोपेनेही कुत्रं चिडचिडं होतं.

बिनसाखळी:
त्या ट्रेनरला पुन्हा बोलावू नका. चोक चेनने श्वासनलिकेला इजा होऊ शकते. 'मालक कोण' हा विचार रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांतून पसरला. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ साली लिहिलं की जंगलातला लांडग्यांचा कळप बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं एवढाच असतो, म्हणजे कुटुंब, 'मालक कोण' याची चढाओढ नव्हे.

गोदाकाठ:
नसबंदी केली तर शांत होईल का?

पायवाट:
त्याने उड्या थांबत नाहीत, त्या शिकवूनच थांबतात. मोठ्या जातींत बरेच डॉक्टर वर्ष उलटून जाऊ देतात, तुमच्या डॉक्टरांशी बोला. त्याच वेळी कान आणि खुबे तपासून घ्या. कुठे दुखत असेल तरीही कुत्रं असं वागतं. आणि हे चालू असताना तो गुरगुरला किंवा दात लावले, तर घरी प्रयोग न करता मारझोड न करणारा प्रशिक्षक गाठा.