एप्रिलमधली आपली टीम: बेसबॉलप्रेमींचे अनुभव

पिट्सबर्ग

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा सीझन सुरू होऊन तीन आठवडे झाले, म्हणून हा धागा काढते आहे. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ रोज एक, अशा १६२ मॅच. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तरी सकाळी चहाच्या आधी क्रमवारी बघितली जातेच. तुमच्या टीमच्या एखाद्या एप्रिलबद्दल लिहा. जिंकलेला असो, हरलेला असो.

सुरुवात मी करते. आम्ही पायरेट्सवाले, म्हणजे पिट्सबर्गच्या टीमचे. २०१३ साली एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) ठरलेला अँड्र्यू मॅककचन आम्ही २०१८ मध्ये गमावला आणि २०२३ मध्ये तो परत आला. त्या एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर तो पहिल्यांदा बॅटिंगला उतरला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं. थंडी इतकी की मी लोकरीचे हातमोजे घातले होते. टाळ्या वाजवतेय पण आवाजच येईना, शेवटी मोजे काढून लेकाच्या मांडीवर टाकले.

निकाल मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहिते. जिंकलो की हिरवी खूण, हरलो की निळी फुली. त्या वर्षी एप्रिल संपत आला तेव्हा २० विजय आणि ८ पराभव. चतुर्थी-एकादशीच्या बारीक अक्षरांवरसुद्धा हिरवंच हिरवं. मग मे महिन्याचं पान उलटलं आणि फुल्यांची रांग लागली. सीझन संपला ७६-८६ वर.

पुढे घसरलो म्हणून तो एप्रिल खोटा ठरतो का? मला नाही वाटत. ते कॅलेंडर मी जपून ठेवलंय.

वॉशिंग्टनजवळ, व्हर्जिनिया

माझी गोष्ट तुमच्या अगदी उलट आहे. २०१९, आमची टीम नॅशनल्स. स्टार खेळाडू ब्राइस हार्पर सोडून गेलेला, आणि नऊपैकी सातव्या-आठव्या इनिंगपर्यंत आघाडी घ्यायची नि मग नवे पिचर (बॉल टाकणारे) येऊन ती घालवायचे, हे एप्रिलपासून रोजचं. मे महिन्यात न्यूयॉर्कला मेट्सकडून ओळीने चार मॅच हरलो. १९ विजय, ३१ पराभव.

आबा तेव्हा सांगलीहून आमच्याकडे आले होते. त्यांना बेसबॉलचा गंध नव्हता, पण माझ्याबरोबर सोफ्यावर बसायचे आणि मुकाट्याने बघायचे. त्या रात्री मी टीव्ही बंद केला, तर म्हणाले, ‘‘एकूण किती मॅच असतात?’’ मी सांगितलं, १६२, पैकी ५० झाल्या. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. ‘‘म्हणजे कसोटीचा दुसरा दिवस. नुकतंच लंच झालंय. लाव टीव्ही.’’

जूनमध्ये आमचा पिचर मॅक्स शर्झर याचं बंटचा (बॅटने बॉल हळूच अडवण्याचा) सराव करताना नाक मोडलं. दुसऱ्या दिवशी काळानिळा डोळा घेऊन त्याने फिलाडेल्फियाला सात इनिंग एकही रन दिली नाही. आबांना तो त्या दिवसापासून ‘आपला’ झाला. जुलैत ते परत गेले, तरी दर सकाळी फोनवर पहिला प्रश्न, ‘‘शर्झरचं काय?’’

वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अंतिम लढतीची, सातवी आणि शेवटची मॅच ह्यूस्टनला. आमच्याकडे ३० ऑक्टोबरची रात्र, सांगलीत ३१ ची पहाट. लॅपटॉपचा कॅमेरा टीव्हीकडे वळवून आबांना दाखवत होतो. सातव्या इनिंगपर्यंत २-० ने मागे. मग रेंडनचा होमरन (आपल्या सिक्सरसारखा), आणि पाठोपाठ केंड्रिकचा तो फटका उजवीकडच्या फाउल पोलवर, म्हणजे हद्दीच्या खांबावर, जाऊन आदळला. बॉल खांबाला लागला की होमरन, हा नियम आबांना माहीत नव्हता. मी ओरडतोय आणि ते विचारताहेत, ‘‘अरे, बाहेर गेला ना?’’ ६-२ ने जिंकलो. त्या सिरीजमध्ये सातही मॅच पाहुण्या टीमने जिंकल्या.

आबा आता नाहीत. दर वर्षी एप्रिलमध्ये टीम हरायला लागली की मी आधी पन्नासावी मॅच कोणत्या तारखेला येते ते बघतो.

शिकागो, साउथ साइड

व्हाइट सॉक्स, २०२४. पहिली मॅच १-० ने हरलो, पहिल्या २५ पैकी तीन जिंकलो, आणि सीझनअखेर ४१-१२१. आधुनिक काळात एका सीझनमध्ये इतके पराभव कुणाचेच नाहीत. पण दर पाच-सहा दिवसांनी गॅरेट क्रोशे पिचिंगला यायचा आणि तो दिवस मी ऑफिसात लवकर उरकून घ्यायचो. टीम हरत असली तरी त्याचा फास्टबॉल बघण्यासारखा होता. पुढे तो बॉस्टनला गेला. अजून त्याचे आकडे बघतो.

सिएटल

२००१ च्या मार्चमध्ये मी नोकरीसाठी इथे आले. शहरात कोणी ओळखीचं नाही, रोजचा पाऊस. ऑफिसातल्या एकीने मॅचला नेलं. जपानहून आलेल्या इचिरोचंही इथलं ते पहिलंच वर्ष. साधा टोलवलेला बॉल जमिनीवरून जायचा आणि फील्डरने उचलून फेकेपर्यंत हा पहिल्या बेसवर पोचलेला असायचा. त्या एप्रिलमध्ये आमच्या मॅरिनर्सनी २० जिंकल्या, ५ हरल्या. सीझनमध्ये एकूण ११६ विजय. मला वाटलं, इथे हे असंच असतं.

मग प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) यँकीजकडून हरलो, आणि पुढचा प्लेऑफ थेट २०२२ मध्ये. एकवीस वर्षं! तेवढ्यात माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, थोरली हायस्कूलला गेली. ३० सप्टेंबर २०२२ ला कॅल रॅलीने शेवटच्या इनिंगमध्ये होमरन मारून टीमला प्लेऑफमध्ये नेलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘आई, तू का रडतेस?’’ तिला काय सांगणार!

२०२५ मध्ये तर वर्ल्ड सिरीज एका विजयावर होती. टोरोंटोला सातवी मॅच, आघाडीवर होतो, आणि गेली. तीस टीममध्ये वर्ल्ड सिरीज कधीच न खेळलेली आमची एकटीच. माझा जीव ऑक्टोबरपेक्षा एप्रिलमध्ये जास्त रमतो, कारण तेव्हा काहीच हातचं गेलेलं नसतं.

ओकलंड

वर सगळ्यांच्या टीम निदान हरताहेत तरी. आमची शहरातूनच गेली. अॅथलेटिक्स १९६८ पासून ओकलंडमध्ये होते. २६ सप्टेंबर २०२४ ला कॉलिझियम या घरच्या स्टेडियमवर शेवटची मॅच झाली, रेंजर्सना ३-२ हरवलं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये टीम सॅक्रमेंटोशेजारच्या छोट्या स्टेडियमवर.

बार्ट या लोकल रेल्वेच्या स्टेशनवरून कॉलिझियमकडे जाणारा एक पादचारी पूल आहे. मॅचच्या दिवशी त्यावर हॉट डॉग भाजण्याचा वास आणि मैदानाच्या उजव्या बाजूच्या प्रेक्षकांच्या ढोलांचा आवाज एकदमच यायचा. परवा सकाळी गाडी तिथे थांबली. दार उघडलं, दोन माणसं उतरली, दार बंद झालं. टीमची हिरवी टोपी माझ्या बॅगेत होती. ती घालू की नको, अजून ठरत नाही.

कोबे, जपान

अमेरिकेबाहेरचं चालेल ना? मी हानशिन टायगर्सचा. आमचं घरचं मैदान कोशिएन, पण मार्चअखेरीस तिथे शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा असते, म्हणून सुरुवातीच्या घरच्या मॅच बऱ्याचदा ओसाकाच्या डोममध्ये होतात. मुलांसाठी मोठ्यांनी मैदान सोडायचं, आणि त्याबद्दल कोणी कुरकुरत नाही. मला हे फार आवडतं.

टायगर्स १९८५ मध्ये जपान सिरीज, म्हणजे तिथली अंतिम लढत, जिंकले होते, त्यानंतर बरीच वर्षं नाहीच. २०२३ मध्ये मॅनेजर ओकादा यांनी (१९८५ च्या टीममध्ये ते स्वतः खेळले होते) विजेतेपद हा शब्दच उच्चारायचा नाही असं ठरवलं. त्याला नुसतं ‘आरे’ म्हणायचं, म्हणजे ‘ते’. आजी रात्री सापाला साप म्हणू द्यायची नाही, ‘जनावर’ म्हणा म्हणायची, त्याची आठवण झाली. एप्रिलपासून इस्त्रीवाल्यापासून बॉसपर्यंत सगळे ‘आरे’ म्हणत होते. अडतीस वर्षांनी ‘ते’ झालं. या वर्षीही मी तो शब्द इथे लिहीत नाही.

पुणे

न्यू जर्सीत नऊ वर्षं काढून आम्ही परत आलो. मेट्स मात्र सुटले नाहीत. तिथे संध्याकाळी ७:१० ची मॅच म्हणजे इथे पहाटे ४:४०. २०२४ मध्ये सुरुवातीच्या पाचही हरलो, नवरा म्हणाला आता तरी झोप. सहावी शेवटच्या इनिंगमध्ये २-१ ने जिंकली. जूनच्या सुरुवातीला विजयांपेक्षा पराभव अकराने जास्त होते, आणि ऑक्टोबरमध्ये तीच टीम डॉजर्सपुढे उभी होती, वर्ल्ड सिरीजच्या दारात.

सासूबाई पाचला उठतात. पहिली दोन वर्षं त्या दूध तापवून मागे वळून एवढंच विचारायच्या, ‘‘निळे जिंकताहेत का?’’ गेल्या सोमवारी मी टॅब ओट्यावर टेकवून कोथिंबीर निवडत होते. त्यांनी चष्मा शोधला, पातेल्याखालचा गॅस बारीक केला आणि विचारलं, ‘‘आज पिचर कोण आहे?’’