कूलर बंद करून गाणं ऐकताना प्यायला काय घेता?

जुळे_सोलापूरकर:
एप्रिल लागला की आमच्याकडं गाणं ऐकायची पंचाईतच होते. कूलर चालू ठेवला तर त्या आवाजात तानपुरा पार गायब, विलंबितात, म्हणजे संथ लयीत, गायक हळूच मंद्र सप्तकात, खालच्या सुरांत उतरतो ते तर काहीच ऐकू येत नाही, आणि बंद केला तर दहा मिनिटांत घामाघूम. पारा 42-43 ला गेल्यावर हेडफोनही नको वाटतात. म्हणून आता ठरवलंय, रात्री जेवणं झाली की कूलर बंद, गॅलरीचं दार उघडं, स्पीकरवर गाणं आणि हातात काहीतरी गार. लिंबू सरबत करतो पण ते पाच मिनिटांत संपतं आणि ख्याल (रागातलं सावकाश रंगणारं गाणं) अर्धा-पाऊण तास चालतो, मधेच उठून किचनमध्ये जायचं जिवावर येतं. तुम्ही काय घेता? दारू सोडून सांगा, घरी आईवडील असतात.

माठवाली:
दादा, ज्वारीची आंबील करा. संध्याकाळी दोन-तीन चमचे पीठ वाटीभर आंबट ताकात कालवून झाकून ठेवायचं, सकाळी दोन-अडीच वाट्या पाण्यात मीठ आणि ठेचलेलं लसूण-जिरं टाकून उकळी फुटली की ते ओतायचं आणि हात थांबवायचा नाही, थांबला की गुठळ्या झाल्याच. कच्चा वास गेला, चकाकी आली की उतरवायची. गार झाली की घट्ट होते मग प्यायच्या वेळी ताक घालून सैल करायची. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मिळाली तर बघायलाच नको, चवीत फरक कळतो. दाटसर असल्यामुळं घोट घोट घेतली जाते, एक तांब्या आरामात पुरतो, घामानं गेलेलं मीठपण भरून निघतं. आणि बर्फ टाकू नका, आलाप चालू असताना ग्लासात खळखळ झाली की सगळा मूड जातो. माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तरी पुरेशी गार होते.

होटगी_रोड:
आमचं मत वेगळं आहे बघा. आमच्या घरी कन्नड बोलतात, गाणं लागलं की फिल्टर कॉफी, मग बाहेर कितीका ऊन असेना. गायक भीमसेन जोशी गदगचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडकडचे, त्यांचं गाणं आमच्या घरात लहानपणापासून आहे आणि त्यासोबत कॉफीचा वासही. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा कडक अर्क, आधीच गाळून ठेवायचं, फिल्टरमधून थेंब थेंब पडायला वेळ लागतो. वडिलांकडं अजून रेकॉर्ड प्लेअर आहे, एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, एक डबरा (कॉफीचं वाटीसारखं भांडं) कॉफी बरोब्बर तेवढी चालते, मग उठून बाजू पलटायची आणि दुसरी ओतून घ्यायची. गरम प्यायलं की आधी घाम येतो पण वाऱ्याची एक झुळूक आली की जे गार वाटतं ना, ते फ्रीजच्या पाण्यानं होत नाही.

सांगोला_रिटर्न:
रात्री दहानंतर कॉफी म्हणजे झोपेचं खोबरं. मी डाळिंबाचा रस घेतो. आपल्या सोलापूरच्या डाळिंबाला जीआय टॅग (त्या भागाची खासियत म्हणून मिळणारी सरकारी नोंद) आहे आणि आपणच ते सोडून पाकिटातलं सरबत पितो, हे मला खरंच पटत नाही. मिक्सर फक्त दोन झटके फिरवायचा, बी फुटली की कडवट होतो. किंचित काळं मीठ टाकायचं, साखर अजिबात नको.

जुळे_सोलापूरकर:
माठवाली ताई, काल केली आंबील. यमन राग लावला होता, शेवटची द्रुत (जलद लयीतली) बंदिश संपेपर्यंत तांब्यात थोडी शिल्लक होती, आईनं तर दोन वेळा मागून घेतली. फक्त कच्च्या लसणाचा वास तोंडात राहिला, त्याला काय करायचं? कॉफीवाले अण्णा, तुमचं रविवारी सकाळी करून बघतो, रात्री नाही जमणार.

माठवाली:
लसूण तुपात जिऱ्याबरोबर परतून घ्या, करपू देऊ नका, मग पाण्यात टाका. वडिलांना बीपी असेल तर त्यांच्यासाठी मीठ न घालता वेगळी काढा, वरून कोथिंबीर टाकली की फिकी लागत नाही.